‘आई, पहिली की दुसरी?’ : तिसरीतल्या लेकीला ऱ्हस्व-दीर्घ कसं शिकवावं?

तिसरीची आई

नमस्कार. माझी लेक इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. आम्ही पुण्यात राहतो, घरात सगळे मराठीच बोलतो. तिचं बोलणं स्वच्छ आहे, गोष्टीची पुस्तकं ती आपली आपण वाचते. अडतं ते लिहिताना.

गेल्या शनिवारी मराठीच्या श्रुतलेखनात वीसपैकी अकरा शब्द चुकले. वही समोर ठेवूनच लिहिते आहे : फुल, दुध, बहिण, पाणि, आणी, पूस्तक, परिक्षा, कर्तो, उल्टा, दर्या (डोंगरातल्या), कश्ट. बाईंनी प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला. रविवारची अख्खी सकाळ त्यात गेली, शेवटी शेवटी रडूही आलं, आणि सोमवारच्या निबंधात पुन्हा ‘दुध’च.

इंग्रजीला शाळेत फोनिक्स आहे, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला-लिहायला शिकवायची पद्धत. तिथे तिला कारण सांगतात. ‘कॅप’च्या शेवटी ‘ई’ हे अक्षर लावलं की मधला ‘ए’ आपलं नाव उच्चारतो आणि ‘केप’ होतं. ते तिला फार आवडतं. मराठीचा अभ्यास घेऊन बसलं की मला विचारते, “याचा नियम काय?” मी म्हणते, “लक्षात ठेव.” मला बरोबर लिहिता येतं, पण ते तसंच का हे सांगता येत नाही. मग आता वेलांटी किंवा उकार आला की तिची पेन्सिल थांबते, मान वर होते आणि प्रश्न येतो, “आई, पहिली की दुसरी?”

परवा तिने आजीला पत्र लिहिलं. ‘मावसबहीण आली होती’ असं लिहायचं होतं. थोडा वेळ थांबली आणि ‘मावशी आली होती’ लिहून मोकळी झाली. शब्द येतो, पण चुकेल म्हणून वापरायचाच नाही, हे मला फार लागलं. ओळखीतल्या एकांनी ‘एकदा तपासणी करून घ्या’ असंही सुचवलं, तेव्हापासून पोटात गोळा आहे. मराठीला फोनिक्ससारखं काही असतं का?

पाटीपेन्सिल

ताई, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं, बहुतेक काळ पहिली ते चौथी. तुमचे अकरा शब्द दोनदा वाचले. त्यात एकही अक्षर गळलेलं नाही. घ-ध, भ-म अशी गल्लत नाही. ‘कर्तो’, ‘उल्टा’ तर आपण सगळे तोंडाने तसंच म्हणतो. तिला जे ऐकू आलं ते तिने इमानाने उतरवलं आहे. तपासणीचं म्हणाल तर मी त्यातला तज्ज्ञ नाही. वाचताना अक्षरं ओळखू येत नसतील, ओळी गाळल्या जात असतील तर जरूर दाखवा. पण या अकरा शब्दांवरून घाबरू नका. या सगळ्या जागा मराठीच्याच अवघड जागा आहेत.

आणि फोनिक्सचं म्हणाल तर आपलं अक्षर म्हणजेच आवाज. ‘क’ शिकलं की त्याचा आवाज वेगळा शिकावा लागत नाही. प्रश्न उरतो तो वेलांटी-उकाराच्या लांबीचा, आणि ती लांबी मराठी घरातल्या मुलाच्या कानात आधीपासून असते. फक्त तिकडे कुणी लक्ष वेधलेलं नसतं.

शब्द मागून मोजायला शिकवा. शेवटचं घर आणि त्याच्या आधीचं घर.

पहिला आठवडा फक्त शेवटच्या घराचा. वर्तमानपत्राचं एक पान द्या आणि शेवटी वेलांटी किंवा उकार असलेल्या शब्दांना गोल करायला सांगा. पाणी, वाटी, मुलगी, लाडू, चाकू, मी, तू, ती. नियम तुम्ही सांगू नका. पंधरा-वीस गोल झाले की तीच म्हणेल, “सगळे दुसरेच आहेत!” हे तिच्या तोंडून यायला पाहिजे, त्यासाठी थांबा. मग तिला ‘आणि’ दाखवा. ‘आणि’, ‘नि’ हे दोघे वेगळे राहतात, त्यांना वहीच्या कोपऱ्यात घर काढून द्यायचं. ‘परंतु’, ‘तथापि’ सापडले तर तेही तिथेच.

आता आधीचं घर. एका गावात शाळेजवळ वीटभट्टी होती. पावसाळा सरला की भट्टीवरची मुलं आमच्याकडे यायची, उन्हाळा सरता सरता निघून जायची. त्यातला एक मुलगा तिसरीत बसायचा. लिहायला बिचकायचा. ‘विट’ लिहायचा आणि मी लाल रेघ मारायचो. एक दिवस वर्गात सायकलची फाटकी ट्यूब पडली होती. मी तिची वीतभर पट्टी कापून त्याच्या दोन्ही हातांत दिली आणि म्हटलं, “भट्टीवर आईला हाक मारतोस तसं म्हण, ‘वीट दे’. जितका आवाज लांबेल तितकी पट्टी ताण.” त्याने ताणली, चांगली खांद्याएवढी. “आता म्हण, ‘विटा दे’.” पट्टी जेमतेम हलली. तो आपल्याच हातांकडे बघत राहिला. पुन्हा स्वतःहून म्हणाला, “वीट. विटा.” मग पट्टी वर्गभर फिरली. फूल-फुलं, मूल-मुलं, चूक-चुका, बहीण-बहिणी, जमीन-जमिनी. त्या मुलाने वही उघडली आणि मागच्या पानांवरची ‘दुध’ आपणहून दुरुस्त करत बसला. मी सांगितलं नव्हतं.

असं का होतं तेही मुलांना सांगावं, ती समजून घेतात. ‘दूध’ लिहिताना शेवटी अख्खा ‘ध’ दिसतो, पण त्यातला ‘अ’ आपण म्हणत नाही. जीभ ‘ध्’वर येऊन थांबते. तो न म्हटलेला वेळ ‘दू’ला मिळतो आणि ‘दू’ लांबतो. ‘दुधात’ म्हटलं की ‘धा’ला स्वतःचा स्वर आला, आता ‘दु’ला तेवढी सवड नाही. म्हणून दूध पण दुधात, खीर पण खिरीत, सून पण सुनेला, वकील पण वकिलाला. किडा, विळी, दिवा, महिना, पाहुणा यांतही शेवटचा स्वर लांब आहे म्हणून आधीचा आखूड.

‘पुस्तक’चं कारण वेगळं. पुढे जोडाक्षर किंवा अनुस्वार असला की जिभेला घाई होते, म्हणून पहिलीच वेलांटी, पहिलाच उकार : पुस्तक, कुस्ती, शिस्त, भिंत, चिंच, मुंगी.

‘कर्तो’साठी कान उपयोगी नाही, तिथे शब्द सोलायचा. “काय करतो? कर.” ‘कर’मध्ये र अख्खा आहे, म्हणून ‘करतो’. तसंच बोल-बोलतो, बस-बसला, उलट-उलटा. सगळीकडे चालत नाही, पण क्रियापदांना हमखास चालतं.

हीच युक्ती ‘दऱ्या’ला. ‘दरी’त र अख्खा आहे, म्हणून तो आपल्या जागी राहतो : दरी-दऱ्या, सुरी-सुऱ्या, दुसरा-दुसऱ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तिथे र अर्धाच आणि तो डोक्यावर जाऊन रफार होतो. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. ‘दर्या’त ‘द’वर ठोका बसतो, ‘दऱ्या’त बसत नाही. आचारी स्वयंपाक करतो, आचार्य शिकवतात. आचाऱ्यांना जेवण सांगायचं, आचार्यांना नमस्कार करायचा. मुलं ही जोडी कधी विसरत नाहीत.

‘कष्ट’साठी आरसा घ्या. ट-ठ म्हणताना जीभ टाळूकडे वळते आणि आधीच्या ‘स’लाही ओढून नेते, म्हणून ट-ठला पोटफोड्या ष : कष्ट, गोष्ट, पृष्ठ. च-छला श : निश्चय, पश्चिम. त-थला स : रस्ता, पुस्तक. इंग्रजीतून आलेले पोस्ट, स्टेशन यात धरायचे नाहीत.

राहिली ‘परीक्षा’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मी पाहुणे म्हणतो, ते कानाने सुटत नाहीत. ते चौथी-पाचवीसाठी ठेवा.

रोज दहा मिनिटं, पाच शब्द, त्याहून जास्त नको. शब्द दहा वेळा लिहून घेऊ नका. तिसऱ्या ओळीनंतर हात लिहितो, कान झोपतो. आणि लाल पेन काही दिवस कपाटात ठेवा.

उपान्त्य

मी वीस वर्षं मुद्रितं तपासते. पाटीपेन्सिल सरांचं बहुतेक सगळं पटलं, ट्यूबची पट्टी तर फारच. फक्त शेवटच्या मुद्द्यावर मला थांबावंसं वाटतं. पाहुणे पाचवीपर्यंत बाहेर उभे राहत नाहीत. मुलीच्या दप्तरात रोज ‘गणित’ असतं. ज्या मुलीने वीट-विटा पकडलं ती उद्या ‘गणीत’ लिहिणार, ‘गुण’चं ‘गूण’ करणार, कारण नियमाने तेच बरोबर दिसतं. तिची चूक नसताना लाल रेघ मिळाली तर नियमावरचाच विश्वास उडेल. म्हणून नियमाबरोबर त्याच आठवड्यात पाच-सहा पाहुण्यांची ओळख करून द्यावी : गणित, गुण, मंदिर, गीत, शरीर, परीक्षा.

यादीतले पाहुणे लक्षात ठेवायची एक खूण आहे. मराठी शब्दाला पुढे काही जोडलं की पट्टी आखडते. पाहुणे मात्र लिहिताना आपला थाट बदलत नाहीत. गीत-गीतात, शरीर-शरीराला, दीप-दीपाला, सगळीकडे दीर्घच. गुण-गुणांना, मंदिर-मंदिरात, सगळीकडे ऱ्हस्वच. मुलीला म्हणावं, ‘मंदिरात’ कसं लिहिशील? मग ‘मंदिर’ही तसंच. पूजा आणि क्रीडा मात्र ‘किडा’च्या नियमात बसत नाहीत, ते सरळ पाठ करावेत.

आणखी एक. आजीच्या घरी जुनी पुस्तकं असतील तर तिला ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘गुरु’ असं छापलेलं दिसेल आणि ती म्हणेल, शेवटी तर दुसरी हवी ना? तेव्हा ती चुकीची छपाई नव्हे एवढं तिला सांगा. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम १९६२मध्ये शासनाने मान्य केले, १९७२मध्ये त्यांत ४ नव्यांची भर पडली, आणि आज आपण त्या १८ नियमांनी लिहितो. कवी, बुद्धी, गती हे शेवटी दीर्घ लिहायचं ते त्या नियमांमुळे. समासात आधी आले की ते पुन्हा ऱ्हस्व होतात, कविसंमेलन, बुद्धिवैभव. पण ते तिसरीत सांगू नका, तिथे मी सरांच्या बाजूची आहे.

रविवारची शाळा

न्यू जर्सीहून लिहितेय. आम्ही काही पालक मिळून रविवारी मुलांना मराठी शिकवतो. ‘लांबी कानात असते’ हे वाचून आमच्या वर्गाबद्दल लिहावंसं वाटलं. आमच्या मुलांचा कान दिवसभर इंग्रजीत असतो. त्यांना ‘वात’ आणि ‘वाट’ एकच वाटतात, कारण इंग्रजीतला ‘टी’ धड त नाही आणि धड ट नाही. ‘काट’ आणि ‘खाट’ही सारखेच. अशा मुलांना पहिली-दुसरी वेलांटी शिकवण्यात मी एक वर्ष घालवलं, हाती काही लागलं नाही.

मग लिहिणं बाजूला ठेवलं. त म्हणताना जीभ दाताला लागते की नाही हे प्रत्येकाने बोट लावून बघायचं, ट म्हणताना ती वर वळलेली असते. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरायची, ‘खाट’ला ती फडफडते, ‘काट’ला नाही. निरांजनातली वात दाखवली, घराबाहेरची वाट दाखवली. पाच-सहा महिने नुसतं हे आणि भरपूर गप्पा. त्यानंतर लिहिताना त-ट आपोआप सुटला. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही अजून हातात घेतलेलं नाही. तुमची लेक घरात मराठी ऐकते आहे, बोलते आहे, तुमचं मोठं काम आधीच झालेलं आहे.

पाटीपेन्सिल

उपान्त्य ताई, तुमचं बरोबर आहे. मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने वहीच्या कव्हरवर ठळक अक्षरांत ‘गणीत’ लिहिलं होतं, तेही वीट-विटा शिकवल्याच्या आठवड्यातच. मी तेव्हा तिला ‘धांदरट’ म्हणालो होतो. ती धांदरट नव्हती, तिने माझंच ऐकलं होतं. पाहुण्यांची यादी त्याच आठवड्यात द्यावी.

तिसरीची आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

ट्यूब मिळाली नाही, तिच्या जुन्या फ्रॉकच्या कमरेतलं इलॅस्टिक काढलं. पहिल्या रविवारी वर्तमानपत्रावर गोल केले. एकविसाव्या शब्दाला तिने पेन्सिल खाली ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, “आई, शेवटी दुसरीच असते, तुला माहीत होतं?” मी तिला खरं सांगितलं की, माहीत नव्हतं. आता जेवताना चालू असतं. ‘भाकरी’ शेवटी दुसरी. ‘खीर’ ताणते, ‘खिरीत’ आखडते. बाबाला ‘जमीन-जमिनीवर’ म्हणायला लावून त्याच्या हातातलं इलॅस्टिक तपासते. पाहुण्यांची यादी फ्रीजवर आहे, नऊ शब्द झालेत. ‘गणित’ पहिला.

शाळेत बाईंना भेटले. त्यांच्या वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत, प्रत्येकाला वेगळं बघणं त्यांना जमत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. दहा वेळा लिहिण्याऐवजी शब्द दोनदा आणि एक वाक्य, एवढं त्यांनी माझ्या लेकीपुरतं मान्य केलं. परवाच्या श्रुतलेखनात चार चुकले. ‘पूस्तक’ अजून पूस्तकच आहे, तो शब्द तिच्या हाताला चिकटलाय. कष्ट मात्र बरोबर आला, आरशासमोर जीभ बघून बघून.

आजीला दुसरं पत्र गेलं. त्यात ‘मावसबहिणीने मला रिबीन दिली’ असं आहे. बहिणीतली वेलांटी पहिली. मला विचारलं नाही.

आता तिचा एक प्रश्न आहे, मला उत्तर येत नाही म्हणून इथे आणलाय. ‘पाऊस’ म्हणताना इलॅस्टिक ताणतं. मग ‘पावसात’ म्हटल्यावर ऊ आखडायला हवा, पण तो दिसतच नाही. “ऊ गेला कुठे?” असं ती विचारते.

पाटीपेन्सिल

फार छान प्रश्न! माझ्या ३१ वर्षांत दोन-तीनच मुलांनी विचारला असेल. तिला सांगा, तीन अक्षरांचा शब्द असेल आणि पहिलं अक्षरच लांब असेल, तर पुढे काही जोडल्यावर मधली वेलांटी किंवा उकार आखडून थांबत नाही, पुरताच जातो. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाचा, बेरीज-बेरजेत. ‘पाऊस’मध्ये मधे अक्षराला न चिकटलेला सुटा ऊ आहे, तो गेला की त्याच्या जागी व येऊन बसतो, म्हणून पावसात. ‘देऊळ’चंही तसंच, देवळात. ‘बहीण’मध्ये पहिलं ‘ब’ आखूड आहे, म्हणून तिथे वेलांटी नुसती लहान होते, जात नाही.

ही पाच उदाहरणं मी दिली. घरात असे शब्द अजून आहेत, स्वयंपाकघराच्या डब्यांपासून सुरुवात करायला सांगा. मला तिथे खारीक सापडली होती.